ओटीवरील बैठक : एका सर्वनामाचा निकाल

नित्याच्या वाचकांस आमची शनिवारची बैठक परिचयाची आहेच. स्थळ पोस्टमास्तरांच्या घराची ओटी, वेळ दिवेलागणीच्या थोडी आधीची, आणि मंडळी तीन : निवृत्त पोस्टमास्तर, वकिली सोडूनही कायद्याची कलमे न सोडलेले वकीलसाहेब, आणि प्रस्तुत लेखक, ज्याने आपले सारे उमेदीचे आयुष्य मुलांना संस्कृत व इंग्रजी शिकविण्यात घालविले. आमच्या बोलण्याने जगाचे काही अडत नाही. परंतु परवाच्या शनिवारी मात्र एका लहानशा इंग्रजी सर्वनामावर एका घराचे मनःस्वास्थ्य अवलंबून होते, म्हणून ती हकीकत येथे सांगावीशी वाटते.

पोस्टमास्तरांचे चिरंजीव इंग्लंडात असतात. सूनबाई तमिळ घराण्यातील. लग्नास आठ वर्षे झाली. मध्यंतरी एकदा आशा दिसून मावळली, तेव्हापासून त्या घरात तो विषय कोणी काढीत नसे. यंदा पुन्हा दिवस राहिले आणि सहावा महिना सुखरूप लागला, तेव्हा कोठे ओटीवर त्याची वाच्यता झाली.

वकीलसाहेबांनी मला छेडण्यासाठी आरंभ केला. ते म्हणाले, "मास्तर, इंग्रज 'शी इज एक्स्पेक्टिंग' म्हणतो. क्रियापद सकर्मक, पण कर्माचा पत्ता नाही. तुमच्या वर्गात कोणी असे वाक्य लिहिले असते तर?"

मी म्हणालो, "कर्म अध्याहृत आहे. जी गोष्ट चारचौघांत उघड बोलावयाची नाही, ती प्रत्येक भाषा अध्याहृत ठेवते. आपण 'तिला दिवस गेले' म्हणतो, त्यात तरी बाळाचे नाव कोठे आहे? आणि प्रसूतीला इंग्रज 'डिलिव्हरी' म्हणतो, तो शब्दही पाहण्यासारखा आहे. त्याच्या मुळाशी जो लॅटिन धातू आहे त्याचा अर्थ मुक्त करणे. पूर्वीच्या इंग्रजीत 'डिलिव्हर्ड' होई ती आई, मूल नव्हे. आपल्या आज्याही 'पोरीची सुटका झाली', 'मोकळी झाली' असेच म्हणत. इतक्या दूरदूरच्या भाषा, पण बाईच्या जिवावरचे संकट दोघींनी एकाच कल्पनेने सांगितले."

एरवी अशा बोलण्यात पोस्टमास्तर हिरिरीने भाग घेतात. त्या दिवशी ते गप्प होते. अखेरीस त्यांनी एकवार माजघराकडे पाहिले आणि खिशातून मोबाईल काढून माझ्या हाती दिला. "मास्तर, एवढे वाचा. मोठ्याने नको."

सूनबाईचा निरोप होता. सासऱ्यांशी ती इंग्रजीत पत्रव्यवहार ठेवते. मजकूर दोनच ओळींचा : 'द बेबी इज वेल. शी किक्स व्हेनेव्हर आय प्ले युवर अभंग्ज.' पोस्टमास्तर स्वतः अभंग गातात व ते मुद्रित करून तिकडे पाठवितात, हे येथे सांगितले पाहिजे.

"हे 'शी' काय आहे?" ते हळूच म्हणाले. "चूक आहे, की तशी काही रीत आहे, की..." पुढचा शब्द त्यांच्याने उच्चारवेना.

मी शिक्षक, प्रश्न आला की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. मी सांगितले की, इंग्रजीत लिंग शब्दाला नसते, वस्तूला असते. संस्कृतात 'दार' म्हणजे पत्नी, पण शब्द पुंल्लिंगी आणि तोही नित्य बहुवचनी. 'कलत्र' म्हणजेही पत्नीच, पण शब्द नपुंसकलिंगी. शब्दाचे लिंग आणि माणसाची जात यांचा तेथे मेळ असतोच असे नाही. मराठीतही 'बाळ' नपुंसकलिंगी. ते मुलगा असो की मुलगी, आपण 'ते बाळ' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत मात्र ठाऊक नसेल तर 'इट' म्हणतात, किंवा अलीकडे पुष्कळ लोक 'दे' म्हणतात. हे एकवचनी 'दे' आजचे नव्हे; चौदाव्या शतकातील चॉसरच्या लेखनातही ते सापडते. तथापि एका ठराविक बाळाविषयी त्याची आईच 'शी' लिहिते, तेव्हा...

"थांबा," वकीलसाहेब मध्येच म्हणाले. "आपल्या 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टाचे तेरावे कलम म्हणते की पुंल्लिंगी शब्दात स्त्रियांचाही समावेश होतो. इंग्लंडच्या 1978 च्या कायद्याने तर स्त्रीलिंगी शब्दातही पुरुष येतो असे ठरविले आहे. तेव्हा तिकडच्या 'शी'मध्ये 'ही' असू शकेल!"

त्यांचा हेतू मित्राला धीर देण्याचा होता. पण पोस्टमास्तर हसले नाहीत. मीही हसलो नाही, कारण मला पाणिनी आठवला. त्याच्या एकशेष प्रकरणात असा नियम आहे की, पुत्र आणि दुहिता यांचा एकत्र उल्लेख करावयाचा तर 'पुत्रौ' म्हणावे; भ्राता आणि स्वसा यांना मिळून 'भ्रातरौ'. मागे उरतो तो पुल्लिंगी शब्द. मुलगी त्याच्या पोटात अंतर्धान पावते. हा नियम मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला आणि किती सुटसुटीत आहे म्हणून वाखाणला. समोर बसलेल्या मुलींना त्याचे काय वाटत असेल, हे एकदाही माझ्या मनात आले नाही.

मी म्हणालो, "वकीलसाहेब, कायद्याचे 'शी' वेगळे आणि आईचे वेगळे. पोस्टमास्तर, तिकडे साधारण विसाव्या आठवड्याच्या तपासणीत आईबापांनी विचारले तर बहुतेक रुग्णालयांत सांगतात. त्यांना सांगितले असावे. हे सर्वनाम चुकलेले नाही. मुलगी आहे."

क्षणभर कोणी बोलले नाही. मग वकीलसाहेबच गंभीर होऊन म्हणाले, "येथे कोणा डॉक्टराने हेच एक सर्वनाम उच्चारले असते तर तो गुन्हा ठरता. 1994 चा कायदा स्पष्ट आहे : शब्दांनी, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने गर्भाचे लिंग कळवावयाचे नाही. तीन वर्षांपर्यंत कैद. आपल्या महाराष्ट्राने तर 1988 मध्येच, सगळ्या देशाच्या आधी, असा कायदा केला होता. आणि तरीही काय झाले? सहा वर्षांच्या आतील हजार मुलग्यांमागे 2001 च्या खानेसुमारीत 913 मुली होत्या, 2011 च्या खानेसुमारीत 894 राहिल्या."

"मला वाईट वाटले असे कृपा करून समजू नका," पोस्टमास्तर घाईने म्हणाले. "नातवंड सुखरूप यावे, एवढेच माझे मागणे. पण घरात कसे सांगू? हिने माझ्या वडिलांचे नाव ठेवावयाचे म्हणून मनात धरले आहे. आठ वर्षे त्या नावाचा जप चालला आहे. मागच्या खेपेला जे झाले त्यातून ती अद्याप पुरती सावरलेली नाही. आता हे ऐकून तिचे मन खट्टू झाले आणि ते तिकडे सुनेला कळले, तर त्या पोरीला काय वाटेल?"

या प्रश्नाला कोणत्याही व्याकरणात उत्तर नव्हते. मी मोबाईल परत दिला.

इतक्यात वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. खिडकी उघडी होती, हे आम्हां तिघां शहाण्यांच्या लक्षात आले नव्हते. त्या म्हणाल्या, "भावोजी, त्या इंग्रजीचा कीस आता पुरे झाला. मला तीन आठवड्यांपूर्वीच कळले आहे."

"सुनेने सांगितले?" पोस्टमास्तर उठूनच उभे राहिले.

"सांगितले नाही. दर रविवारी ती माझ्याशी मराठीत बोलते, शिकायचे म्हणून. एकदा म्हणाली, 'आई, बाळ आत्ता झोपली.' मला वाटले, चुकली. पुढच्या रविवारी म्हणाली, 'बाळ जागी झाली.' एरवी पोरगी चुकत नाही हो. 'दूध उतू गेले', 'पान गळले', सगळे बिनचूक. तेवढ्या एका शब्दाशीच कशी अडखळेल? तेव्हा काय ते समजले."

मी अवाक् झालो. वाचकहो, गंमत पाहा. वर्तमानकाळात 'ती झोपते' आणि 'ते झोपते' यांत आपले क्रियापद भेद करीत नाही. सूनबाई वर्तमानकाळात बोलली असती तर गुपित राहिले असते. भूतकाळाने ते फोडले. 'बाळ झोपली' हे वाक्य माझ्याकडे आले असते तर मी तांबड्या शाईने खोडून 'झोपले' केले असते, आणि त्यातला खरा मजकूर मला कधीच कळला नसता.

"मग तू तिची चूक दुरुस्त केली नाहीस?" पोस्टमास्तरांनी विचारले.

"चूक असती तर केली असती," वहिनी शांतपणे म्हणाल्या.

"आणि मला का सांगितले नाहीस?"

"तुम्हांला मामंजींच्या नावाची ओढ. तुमच्यासाठीच तर मी ते नाव बोलून दाखवीत होते. म्हटले, कळले तर मनाला लावून घेतील. गाणे थांबवतील."

"मला? मला वाटले, ओढ तुला आहे!"

पुढे थोडा वेळ त्या दोघांत जे बोलणे झाले ते येथे देण्याचे कारण नाही. वकीलसाहेब अंगणातल्या तुळशीकडे पाहत राहिले आणि मी चहा पीत राहिलो. एवढे मात्र सांगतो की, मामंजींऐवजी सासूबाईंचे नाव ठेवण्याची सूचना पोस्टमास्तरांनीच केली, आणि वहिनींनी पदराने डोळे टिपले.

मनात आले की, आठ वर्षे एका छपराखाली राहून, एकमेकांस जपण्याच्या भरात, या दोघांनी एकमेकांच्या मनातील कर्म अध्याहृतच ठेवले होते. अध्याहृत हा वाक्याचा अलंकार असेल. संसारात त्याचा अतिरेक बरा नव्हे. आपल्या घरांतून अशी किती नावे, किती हट्ट केवळ दुसऱ्याला हवे असतील म्हणून चालत असतील, याचा विचार वाचकांनी आपापल्या माजघरात एकदा अवश्य करावा. सुनेच्या कानावर नातवाचे नाव वारंवार पडते, तेव्हा तिच्या मनात काय चालते, हेही कोणी तरी विचारले पाहिजे.

निघताना वकीलसाहेबांनी विचारले, "वहिनी, डोहाळजेवणाचे काय?"

"पुढल्या महिन्यात मीच जाणार आहे ना तिकडे. सातव्यात करीन."

डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवतात; एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी. मी म्हणालो, "मग आता त्या वाट्यांच्या खेळात काय मौज राहिली?"

"वाट्या ठेवणारच," वहिनी म्हणाल्या. "दोन्हींत बर्फी ठेवीन."