चामडं हवं, कारागीर नको

गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी किंमत विचारतो, मग मायलेज, आणि मग जरा आवाज चढवून, "सीट लेदरच्या आहेत ना?" असं विचारतो. नव्या गाडीतला चामड्याचा वास ही आपल्याकडे सुबत्तेची खूण झाली आहे. हेच चामडं काही वर्षांनी ड्रायव्हरच्या बाजूला फाटतं. मग गाडी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत येते, आणि सीट उलटी करून बसलेल्या कारागिराशी हाच माणूस "अरे ए" करून बोलतो. नाव सहसा विचारत नाही. विचारलंच आणि ते सलीम किंवा रफिक निघालं, तर "तुम्हा लोकांच्या हातात कला आहे हं" असं म्हणतो आणि पाचशे रुपये कमी करायला सांगतो.

या वाक्याची मला चीड आहे. वरवर ते कौतुक वाटतं. खरं तर त्यात एक वाटणी आहे: हात तुमचे, डोकं आमचं. या लेखात मला तिघांशी भांडायचं आहे. गाडीच्या मालकाशी, गाडी बनवणाऱ्या कंपनीशी आणि आपल्या समाजाशी. शेवटचं भांडण सर्वांत मोठं आहे, म्हणून ते शेवटी ठेवतो.

आधी काम काय आहे ते पाहू, कारण "त्यात काय, शिवून टाकायचं" म्हणणाऱ्यांनी ते कधी नीट पाहिलेलं नसतं. सीट एकदम सगळी जात नाही. चढता-उतरताना जिथे मांडी घासते ती बाजूची उंच कड आधी फाटते. तेवढाच तुकडा बदलायचा तर फोमवरचं कव्हर सोडवायचं, ते खाली धरून ठेवणाऱ्या तारा आणि रिंगा काढायच्या, फाटलेल्या तुकड्याची शिवण उसवायची आणि त्याच तुकड्याचा साचा करून नवं चामडं कापायचं. कापण्याआधी ते हाताने ओढून कोणत्या दिशेला जास्त ताणलं जातं ते बघायचं. दिशा चुकली तर काही महिन्यांत तिथे सुरकुत्या पडतात. जुन्या शिवणीची रेषा, टाक्यांमधलं अंतर, दोऱ्याची जाडी, चामड्याचा पोत, सगळं शेजारच्या तुकड्याशी जमायला हवं.

आणि मग रंग. गाडीचं बरंचसं चामडं क्रोमने कमावलेलं असतं. त्यावर रंगाचा थर असतो आणि त्याच्यावर पारदर्शक संरक्षक थर. ऊन, घाम आणि जीन्सचा सुटलेला निळा रंग यांनी हे थर बदलत जातात. म्हणून प्रत्येक जुन्या सीटला दोन रंग असतात: कारखान्यातून निघाला तेव्हाचा आणि आजचा. पहिला रंग हेडरेस्टखाली किंवा सीटच्या खालच्या दुमडीत, जिथे ऊन पोचलं नाही तिथे सापडतो. कंपनीच्या कोडप्रमाणे तोच रंग आणून लावला तर नवा तुकडा ठिगळासारखा दिसतो, कारण शेजारचं चामडं आता त्या रंगाचं राहिलेलं नसतं. जाणता कारागीर आजच्या रंगाशी जुळवतो. त्यासाठी आधी जुनं चामडं स्वच्छ करतो, नाहीतर मळाशी जुळवलेला रंग पहिल्या सफाईत उघडा पडतो. ओला रंग वाळल्यावर बदलतो हे तो धरून चालतो. काळ्यातही निळसर काळा आणि तपकिरी काळा वेगळा असतो हे त्याला कळतं. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फुटतो, म्हणून तो तुकडा हातात घेऊन दुकानाबाहेर येतो. शेवटी चकाकी बघतो, कारण रंग तोच असूनही चकाकी कमी-जास्त झाली तर डोळ्याला रंगच चुकल्यासारखा वाटतो.

एका उजेडात जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसतात, याला रंगशास्त्रात मेटामेरिझम म्हणतात. पेंट आणि कापडाच्या कारखान्यांत ते तपासायला यंत्रं असतात. यंत्रावर हे काम करणाऱ्याला आपण तंत्रज्ञ म्हणतो. डोळ्याने करणाऱ्याच्या कामाला जुगाड म्हणतो. दोघांत फरक आहे तो प्रमाणपत्राचा आणि वस्तीचा.

आता गाडीच्या मालकाला एक प्रश्न. हे चामडं येतं कुठून? कानपूरच्या जाजमऊमधून, कोलकात्याच्या बानतल्यातून, तमिळनाडूतल्या आंबूर, वाणियंबाडी आणि राणीपेटमधून, किंवा परदेशातून. कुठूनही आलं तरी कोणीतरी जनावर सोललेलं असतं आणि कोणीतरी कातडं कमावलेलं असतं. आपल्या देशात हे काम पिढ्यानपिढ्या दलितांच्या आणि मुसलमानांच्या वाट्याला आलं. धारावीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कातडी कमावण्याचे कारखाने आले, तेव्हा त्यांत तमिळ मुसलमानांचा मोठा वाटा होता. ते कारखाने गेले, चामड्याच्या वस्तूंचा बाजार उरला. आज तिथे बॅगा घ्यायला लोक हौसेने जातात.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशी त्या बंदीत नाहीत. कायदा आहे तर तो पाळलाच पाहिजे. माझा मुद्दा कायद्यानंतर रस्त्यावर जे सुरू झालं त्याचा आहे. कायदेशीर माल वाहणारा ड्रायव्हरसुद्धा टेम्पो अडवला जाईल या भीतीने रात्र काढतो. जुलै २०१६ मध्ये गुजरातमधल्या उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारलं गेलं. ते काम त्यांच्या जातीवर याच समाजाने लादलेलं होतं. त्या संध्याकाळी या देशातल्या किती लेदर सीटवर बसून किती जण "गोरक्षण हवंच" म्हणाले असतील, याचा विचार करा. ज्याला चामड्याची सीट हवी आहे त्याने ते चामडं हाताळणाऱ्याचा तिरस्कार करू नये, इतकी साधी मागणी आहे. जमत नसेल तर कापडी सीट घ्यावी. ती उन्हाळ्यात तापतही नाही.

चामड्याच्या धंद्याने नद्या नासवल्या हे खरं आहे. तमिळनाडूतल्या पालार नदीच्या खोऱ्यातल्या प्रदूषणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये टॅनरींना फटकारलं, ते योग्यच होतं. त्या टॅनरींचे कित्येक मालक आपले होते म्हणून त्यांची बाजू घ्यायचं कारण नाही.

दुसरं भांडण कंपन्यांशी. एक तुकडा फाटला म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलात की तिथे तुकडा मिळत नाही, अख्खं कव्हर किंवा अख्खी सीट सुचवली जाते. "बाहेर केलंत तर जबाबदारी आमची नाही" ही धमकी वरून. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं हा आक्षेप होता. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिलं. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काची चर्चा सुरू केली आणि वाहनक्षेत्रही त्यात घेतलं. सीटवाल्या कारागिरापर्यंत त्यातलं काय पोचलं? काहीही नाही.

आणि इथे प्रश्न पैशांपुरता राहत नाही, जिवाचा होतो. अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच बसवलेली असते. अपघाताच्या क्षणी ती कव्हरची शिवण फाडून बाहेर येते. म्हणून ती शिवण मुद्दाम ठरावीक दोऱ्याने, ठरावीक ताकदीचीच घातलेली असते. कारागिराने चांगुलपणाने तिथे मजबूत दोरा वापरला, किंवा वरून जाड कव्हर चढवलं, तर एअरबॅग उशिरा उघडेल किंवा वेडीवाकडी उघडेल. म्हणजे इथे पक्कं काम हेच वाईट काम ठरतं. हे त्याला कोण सांगणार? सीट काढताना आधी बॅटरी सोडवून काही मिनिटं थांबायचं आणि मगच पिवळ्या वायरीच्या जोडाला हात लावायचा, हे कुठल्या मराठी, उर्दू किंवा हिंदी पुस्तिकेत त्याच्यासाठी लिहून ठेवलं आहे? कंपनी माहिती दडवते आणि मग "बाहेरचं काम धोकादायक" अशी जाहिरात करते. धोका तिने स्वतः तयार केलेला असतो.

आता आपलं घर.

मुलगा दहावीत नापास झाला की आपल्याकडे म्हणतात, "जाऊ दे, मामूच्या दुकानावर बसव." म्हणजे हुन्नर ही नापासांची शिक्षा. मग तो पोरगा कोंदट गाळ्यात, मास्कशिवाय, थिनर आणि सोल्युशनच्या वासात दिवस काढतो. दोन-तीन वर्षं उस्ताद त्याला चहापाण्यावर राबवतो आणि त्याला "काम शिकवणं" म्हणतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं मोजके अपवाद सोडले तर गुन्हा आहे, हे आपल्या मोहल्ल्यात कोणी मोठ्याने बोलत नाही. आपले काही दुकानदार रेक्झिनला लेदर म्हणून विकतात. तुकड्याची मागची बाजू उलटून बघा. चामड्याला तंतू दिसतात, रेक्झिनला कापड. नमाजाला पहिल्या सफेत उभं राहून असली फसवणूक करणाऱ्यांमुळे प्रामाणिक कारागिराचा भाव पडतो.

बकरी ईदला आपले मदरसे घरोघरी जाऊन कुर्बानीची कातडी गोळा करतात. त्यावर त्यांचा खर्च चालायचा. गेल्या काही वर्षांत या कातड्यांचा भाव इतका पडला की ती उचलणंही परवडेना. वर्षानुवर्षं ज्या मदरशांची चूल कातड्यावर पेटली, त्यांतल्या किती मदरशांनी मुलांना त्या कातड्याचं पुढे काय होतं हे शिकवलं? फिकहच्या तासाला दबागतीचा मसला शिकवतात, कमावलेलं कातडं पाक होतं हे पाठ करून घेतात. ती दबागत करतात कशी, हे मात्र मुलाला कळत नाही. आपल्या परंपरेत हुन्नराची लाज नव्हती. तिसऱ्या हिजरी शतकातले हनफी फकीह अबू बक्र अल-खस्साफ यांच्या नावाचाच अर्थ चपला सांधणारा असा आहे. आज निकाहाच्या बोलणीत कोणी "मुलगा सीट शिवतो" म्हटलं की आपल्याच घरातल्या खानदानी माणसांच्या कपाळावर आठी पडते. इस्लाममध्ये जात नाही हे जुम्म्याला ऐकायचं आणि शनिवारी बिरादरी विचारायची, हा आपला जुना खेळ आहे.

यावर शिकलेले मित्र म्हणतील, "मुस्लिम पोरांनी सीटच शिवायच्या का? इंजिनिअर व्हायचं नाही?" जरूर व्हावं. पण सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिलं होतं की मुसलमान नोकरीपेक्षा स्वयंरोजगारावर जास्त अवलंबून आहेत. ती परिस्थिती भाषणाने बदलणार नाही. जो आज सीट शिवतोच आहे, त्याला एअरबॅगची आकृती वाचता यावी, बिल करता यावं, बँकेचं कर्ज मिळावं, ही मागणी इंजिनिअर होण्याच्या आड येत नाही. उलट, ज्या बापाच्या कामाला किंमत मिळते त्याच्याच मुलाला कॉलेजची फी भरता येते.

सरकारचीही गंमत बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात चर्मकार आहे, शिंपी आहे. दोघांचं काम एकत्र करून वर रंगही जुळवणारा सीटवाला त्यात नाही. त्याची साधी मोजणीही होत नाही.

म्हणून मागण्या थेट मांडतो. मालकांनी घासाघीस करण्याआधी कामाचा हिशेब विचारावा, आणि सीटवर एअरबॅगची खूण असेल तर ती आधी दाखवावी. कंपन्यांनी कव्हरचे सुटे तुकडे, मूळ रंगाची माहिती आणि एअरबॅगच्या शिवणीचे नियम बाहेरच्या कारागिरांना आपल्या भाषांत द्यावेत. सरकारने या कामाला योजनेच्या यादीत आणि आयटीआयमध्ये जागा द्यावी. आपल्या जमातींनी, ट्रस्टनी, मशिदींच्या कमिट्यांनी जलशांच्या मांडवावरचा थोडा खर्च कमी करून प्रत्येक शहरात सहा महिन्यांचा एक वर्ग चालवावा: शिवण, रंग, सुरक्षा, हिशेब. तिथे संत रोहिदासांना मानणारी पोरंही बसावीत, कारण हा धंदा दोघांचा आहे आणि अपमानही दोघांचा सारखाच आहे.

आणि दुकानात बसलेल्या माझ्या भावांनो, पुढच्या वेळी कोणी "हातात कला आहे" म्हटलं तर त्याला उन्हात घेऊन जा, दोन तुकडे समोर धरा आणि कुठला नवा ते ओळखायला सांगा. नाही ओळखता आलं, तर पूर्ण पैसे घ्या. एक रुपया कमी करू नका.