अणुबॉम्बच्या पटकथेत संसद कुठे?

कोलकाता - अणुबॉम्बच्या निर्मितीवर नवा चित्रपट येणार म्हटले की राष्ट्राभिमानाला भरती येते. कोलकात्यातून पाहणाऱ्याच्या मनात मात्र आधी शंका उमटते, आणि ती निराधार नाही.

२०२२ मधील ‘रॉकेट बॉइज’ मालिकेत होमी भाभा आणि विक्रम साराभाई खऱ्या नावांनी वावरतात. भाभांचा कोलकात्यातील प्रतिस्पर्धी मात्र रझा नावाचा काल्पनिक शास्त्रज्ञ आहे. या मत्सरग्रस्त पात्रात अनेकांना मेघनाद साहा यांचीच विकृत छाया दिसली.

वस्तुस्थिती काय होती? साहांनी कोलकात्यात सायक्लोट्रॉनची उभारणी हाती घेतली. त्यांच्या अणुभौतिकी संस्थेचे उद्‌घाटन १९५० मध्ये इरेन जोलिओ-क्युरी यांच्या हस्ते झाले. १९५२ मध्ये ते वायव्य कोलकात्यातून लोकसभेवर निवडून आले. अणुसंशोधन विद्यापीठांत रुजावे, त्यावर गुप्ततेचे आवरण नसावे, हा त्यांचा आग्रह होता. १० मे १९५४ रोजी लोकसभेत अणुऊर्जेवर चर्चा झाली, ती त्यांच्याच पुढाकाराने. भाभांशी त्यांचा वाद होता तो धोरणाचा. तो व्यक्तिगत असूयेवर नेऊन ठेवणे म्हणजे प्रश्नकर्त्याला खलनायक ठरवणे होय. त्यांचेच शिष्य बसंतीदुलाल नागचौधुरी १९७४ च्या पोखरण चाचणीच्या वेळी संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार होते, हेही विसरता येत नाही.

२०१८ च्या ‘परमाणु’ची तऱ्हा वेगळी. १९९८ च्या चाचण्यांचे श्रेय तिथे एका काल्पनिक सनदी अधिकाऱ्याकडे जाते. ट्रॉम्बेचे आर. चिदंबरम, अनिल काकोडकर यांच्यासारखे शास्त्रज्ञ प्रेक्षकाच्या स्मरणात राहत नाहीत.

कलावंताला कल्पनास्वातंत्र्य हवेच. परंतु इथे एक अडचण आहे. १९४८ च्या अणुऊर्जा कायद्याने या क्षेत्राभोवती गुप्ततेची भिंत उभी केली. एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी तेव्हाच सभागृहात तिच्याविषयी शंका उपस्थित केली होती. १९६२ च्या कायद्याने तीच परंपरा पुढे चालवली. जिथे कागदपत्रे बंद असतात, तिथे पडद्यावरची कल्पनाच इतिहास होऊन बसते. सुरुवातीची ‘काल्पनिक’ ही पाटी कोणाच्या लक्षात राहते?

अमेरिकेत ओपनहायमर यांची चौकशी झाली तीही १९५४ मध्येच. त्या सुनावणीचा वृत्तांत त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. म्हणूनच २०२३ चा चित्रपट प्रेक्षकाला मूळ शब्दांशी ताडून पाहता येतो. आपल्याकडे अणुकार्यक्रमाच्या फायली बंद असल्या तरी लोकसभेतील त्या चर्चेचे इतिवृत्त खुले आहे. ते वाचण्यास कोणत्याही निर्मात्याला परवानगी लागत नाही.

तेव्हा पुढच्या चित्रपटाची कसोटी साधी आहे. वाळवंटातील स्फोट त्याने किती भव्य दाखवला, हे पाहू नये. लोकशाहीत बॉम्बविषयी प्रश्न विचारणाऱ्या खासदाराला त्याने कोणती जागा दिली, हे पाहावे.