मेहुण्यांचं काश्मीर

आमच्या पुण्याच्या मेहुण्यांना या सदराचे जुने वाचक ओळखतात. आंब्याची पेटी कोणत्या बाजूने उघडावी याबद्दल ठाम मत असलेले ते हेच. परवा भल्या पहाटे त्यांचा फोन आला. कसे आहात, काय चाललंय, काही नाही. ‘‘शून्य झालं म्हणे!’’ मला आधी वाटलं, शेअर बाजाराचं काही असेल. मग उलगडा झाला. आमच्या महाबळेश्वरातल्या वेण्णा लेकचा पारा शून्यावर गेल्याचं त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं आणि शुक्रवारी दुपारीच सहकुटुंब आमच्याकडे निघायचं ठरवूनही टाकलं होतं.

ही बातमी दर हिवाळ्यात येते. ‘महाबळेश्वरात दवबिंदू गोठले’, ‘मिनी काश्मीर अवतरलं’. सोबत फोटो ठरलेला: गाडीच्या टपावरून खरवडलेला पांढरा चुरा आणि तो ओंजळीत धरून हसणारं कोणीतरी. वर्षागणिक फक्त कानटोपीचा रंग बदलतो. त्या ‘शून्या’चं मला कोडं आहे. गावात वेधशाळा आहे, तिचे आकडे रोज जाहीर होतात आणि त्याच सकाळी ते बहुतेक वेळा शून्याच्या बरेच वर असतात. मग हे शून्य मोजलं कोणी? मेहुण्यांना विचारलं तर म्हणाले, ‘‘पेपरात आलंय ना?’’

खरं म्हणजे वेधशाळा आणि पेपर, दोघंही खोटं बोलत नाहीत. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन, गवत, गाडीचा पत्रा आपली ऊब रात्रभर आभाळाला देऊन टाकतात आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार पडतात. त्यात गार हवा जड, ती उतारावरून घरंगळत वेण्णेच्या खोलगट भागात साचते. त्यामुळे पेटीत चार-पाच अंश असताना गवतावर दंव गोठू शकतं. तळं मात्र गोठत नाही.

हे सगळं मी मेहुण्यांना शुक्रवारी रात्री जेवताना समजावलं. त्यांनी पिठलं वाढून घेतलं आणि पहाटे साडेचारचा गजर लावला.

लेकवर आमच्या आधी निम्मं पुणं पोहोचलं होतं. जेटीच्या फळ्यांवर खरंच पांढरा थर होता, नाही म्हणणार नाही. गवताचं पातं न् पातं साखरेत घोळवल्यासारखं दिसत होतं. मेहुण्यांनी खिशातून क्रेडिट कार्ड काढून टप खरवडायला घेतला. खर्च न होता ते कार्ड वापरलेलं मी प्रथमच पाहिलं. चुरा ताटलीत जमवण्यात आला. ताटली बहिणीने घरून आणली होती, म्हणजे तयारी पुण्यापासूनच होती. उन्हाची तिरीप डोंगरावरून उतरली आणि बघता बघता ताटलीत पाणी झालं. त्याचाही फोटो निघाला.

भाचा तोवर फोटोसाठी बाजूच्या स्ट्रॉबेरीच्या शेतात शिरला होता. वाफ्यांवर पांढरं कापड पसरलेलं, त्याला ते बर्फच वाटलं असावं. शेताच्या मालकीणबाई बांधावरून ओरडल्या, ‘‘ए बाळा, खाली झाडं हायती!’’ मी धावत जाऊन माफी मागितली. त्यांनी कापडाचं एक टोक उचलून दाखवलं. खाली फुलं होती, बहुतेक धडधाकट. पण काठाकडच्या, कापड सरकलेल्या रोपांवर फुलांचा मधला पिवळा गोंडा काळा पडला होता. त्या फुलाला आता फळ धरणार नाही. आमची बाकीची मंडळी अशा वेळी रस्त्यावर टाळ्या वाजवत होती.

बाईंनी मेहुण्यांकडे, ताटलीकडे आणि पुन्हा मेहुण्यांकडे पाहिलं. ‘‘एवढं हौसेनं येताय, तर आषाढात या की पावनं. चार दिस ऱ्हावा.’’ मेहुणे हसले. त्यांना तो आग्रह वाटला. मला ती धमकी वाटली.

कारण इथली थंडी म्हणजे हौशी मंडळींचा मामला. इथला खरा ऋतू पाऊस. समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीच्या भिंतीला थडकून वर चढतो, थंड होतो आणि आमच्या डोक्यावर रिकामा होतो. वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे. इथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा, घाट उतरून वाईला गेलं की त्याच्याही निम्मा, आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुक्यात लोक टँकरची वाट बघतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१२ मध्ये इथे ढगांची प्रयोगशाळा थाटली. चांगली जागा निवडली. ढगांना इथे शोधावं लागत नाही, खिडकी उघडी राहिली की ते स्वयंपाकघरात येतात.

मे महिन्यात आम्ही घरांना गवताच्या झडी बांधतो, म्हणजे पाऊस भिंतीत मुरू नये म्हणून भिंतींना सदराच घालतो. आता बऱ्याच जणांनी प्लॅस्टिकचा कागद घेतलाय. वाऱ्यात तो रात्रभर फडफडतो आणि झोप उडवतो. सरपण रचायचं, मीठ चुलीजवळच्या फळीवर न्यायचं. आगपेटी अंगातल्या बंडीत ठेवायची. तरी जुलैत काडी पेटत नाही ती नाहीच. कपाटातल्या चपलांवर हिरवी लव येते, पुस्तकांची पानं एकमेकांना धरून बसतात. आमच्याकडे शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर कपडे वाळवायचे, त्यामुळे लहानपणी वर्गातल्या सगळ्यांच्या अंगाला धुराचा वास येई आणि त्यामुळेच तो कोणालाच येत नसे. अतिवृष्टीच्या भागातल्या कित्येक जिल्हा परिषद शाळा वर्षानुवर्षं उन्हाळ्यात भरत आल्या आणि ऐन पावसात सुट्टी घेत आल्या. मेहुण्यांना हे पटत नाही. सुट्टी म्हणजे मे, असं त्यांचं मत आहे.

आणि आकडेच हवे असतील तर एक देतो. २०२१ साली २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत इथे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. माणमध्ये वर्षभरातसुद्धा एवढा पडत नाही. त्याच पावसात खाली पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला डोंगर घरांवर आला. रस्ते वाहून गेल्यामुळे कित्येक वाड्यांना नंतर बरेच दिवस पाठीवरून धान्य न्यावं लागलं. हा आकडा वेधशाळेत मोजलेला आहे, हवेतला नाही. पण त्याचा चुरा ताटलीत घेता येत नाही, त्यामुळे तो आठवायला कोणाचा पहाटे फोन येत नाही.

रविवारी मंडळी परत निघाली. डिकीत स्ट्रॉबेरीचे बॉक्स, चिक्की आणि रिकामी ताटली. जाताना मेहुणे म्हणाले, जुलैचं बघू. बघतील असं वाटत नाही. पण वाचकांपैकी कोणाला यायचंच असेल तर दरडीचा इशारा असेल ते दिवस सोडून या, पसरणी आणि केळघर घाटात धुकं दाटलं तर मुकाट्याने गाडी बाजूला घेऊन थांबा, आणि छत्री आणू नका. इथल्या पहिल्याच वाऱ्यात ती उलटी होते.