पाणबुडी आली होती का?



14 एप्रिल रोजी आपण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती साजरी करतो. हाच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणूनही पाळला जातो. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या मालवाहू जहाजाचा स्फोट झाला. त्यात 66 अग्निशमन जवान कामी आले. एकूण मृतांचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात.

हा स्फोट जपान्यांनी घडवला, असे त्या काळी अनेकांना वाटले. वरच्या वर्गातील काही मुलांनी यंदा एक पाऊल पुढे जाऊन विचारले, “सर, जपानची छोटी पाणबुडी आली असेल का?” प्रश्न चांगला आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

अशा पाणबुड्या खरोखर होत्या. लांबी सुमारे 24 मीटर, आत दोन माणसे आणि दोन टॉर्पेडो. डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरवर पाच पाठवल्या गेल्या. मे 1942 च्या अखेरीस मादागास्करच्या दिएगो सुआरेझ बंदरात आणि ऑस्ट्रेलियातील सिडनीत त्यांनी हल्ले केले. सिडनीत 21 नौसैनिक मरण पावले. मग मुंबईतच का नाही?

पहिली गोष्ट, व्हिक्टोरिया गोदी ही उघडी खाडी नव्हती. तो भिंतींनी बांधलेला तलाव होता. भरतीच्या वेळी दरवाजे उघडून जहाजे आत घेत व पुन्हा दरवाजे बंद करीत. अशा जागी पाणबुडी चोरपावलाने शिरणार कशी?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. टॉर्पेडो लागला की आधी धमाका होतो, मग आग लागते. येथे क्रम उलटा आहे. दुपारी दोनच्या सुमारास जहाजातील आग लक्षात आली. जवानांनी 900 टनांहून अधिक पाणी आत सोडले. पहिला स्फोट झाला 4 वाजून 6 मिनिटांनी. म्हणजे जहाज दोन तास आतून जळत होते. त्यानंतर अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. हादऱ्याची नोंद दूर सिमल्याच्या भूकंपमापकावरही झाली.

जळत काय होते? जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटके व दारूगोळा होता. कराचीला त्यात कापसाच्या हजारो गाठी भरल्या. युद्धाच्या घाईत असे जहाज थेट गोदीत आणून उभे केले गेले. चौकशीत घातपाताचा पुरावा मिळाला नाही. कुणीतरी फेकलेल्या सिगारेटमुळे कापूस पेटला असावा, असा निष्कर्ष निघाला.

तरी लोकांना जपानी का दिसले? त्याच महिन्यात इम्फाळ व कोहिमा येथे जपानी फौजांशी लढाई चालू होती. सरकारने बातमी दाबून ठेवली, आणि जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने ती आधी सांगितली. जेथे खरी माहिती मिळत नाही, तेथे अफवेला पाय फुटतात. त्या लोकांना आपण दोष देऊ नये.

पण आज आपल्याजवळ माहिती आहे. मग पाणबुडीची गोष्ट का सोडवत नाही? कारण ती रोमहर्षक आहे, आणि सोयीचीही आहे. शत्रूने केले म्हटले की कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात कुणी भरला, हे विचारावे लागत नाही. त्या 66 जवानांवरही हा अन्याय आहे. ते शत्रूशी लढताना गेले नाहीत. दुसऱ्यांच्या हलगर्जीपणाची आग विझवताना गेले.

आपल्या आळंद भागात हे नवीन नाही. कडब्याची गंजी पेटली की पहिला प्रश्न असतो, “कुणी लावली?” भाऊबंदकीतले जुने वैर आठवते, बोलणे बंद होते, प्रकरण ठाण्यापर्यंत जाते. गंजीवरून गेलेली लोंबती वायर मात्र तशीच राहते, पुढच्या वर्षासाठी. कधी कधी खरोखर कुणी आग लावतोही. पण ते पुराव्याने ठरवावे, रागाने नव्हे.

विद्यार्थ्यांनो, कोणतीही गोष्ट ऐकली की विचारा: आधी काय घडले, नंतर काय घडले? पालकांनो, मुलांसमोर कुणाचे नाव घेण्यापूर्वी थोडे थांबा. आणि विश्वस्त मंडळास नम्र विनंती, शाळेची वायरिंग व अग्निशामक नळकांडी दरवर्षी 14 एप्रिलपूर्वी तपासून घ्यावीत. त्या जवानांना शाळेने वाहिलेली हीच खरी श्रद्धांजली ठरेल.

आपला,
प्राचार्य