अपुऱ्या दिवसांचे बाळ आळशी नसते

‘अपुऱ्या दिवसांचे बाळ आळशीपणाने अंगावर ओढत नसेल, तर सरळ बाटली लावावी’ हा रविवारच्या पुरवणीतील सल्ला घातक आहे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. तोवर घाई केली तर दूध श्वासनलिकेत जाऊ शकते, बाळ निळे पडते. म्हणून आईचे पिळून काढलेले दूध आधी नाकातून किंवा तोंडातून घातलेल्या नळीने, मग वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजतात. ते पुरत नसेल तर इतर मातांनी दान केलेले दूध देणाऱ्या दुग्धपेढीचा आधार घेता येतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात ती १९८९पासून आहे. बाळ ओढत नाही म्हणून घरच्यांनी बाळंतिणीला बोल लावू नये. बाटली आणण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा