‘पिलियन’: एक हुकूम सोडतो, दुसरा ऐकतो, याला प्रेम म्हणायचं का?

हेल्मेटसक्तीच्या बातम्यांमुळे ‘पिलियन रायडर’ म्हणजे दुचाकीवर मागे बसणारा, हे आपल्याला ठाऊक आहे. हॅरी लाइटन या ब्रिटिश दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचं नावही ‘पिलियन’. २०२५ मध्ये कान महोत्सवाच्या ‘अं सर्तें रगार’ विभागात त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला.

गाडी चालवतो रे. देखणा, अबोल, बाइकर टोळीतला. मागे बसतो कॉलिन. आईवडिलांकडे राहणारा, चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांना दंडाच्या पावत्या लावणारा बुजरा तरुण. कॉलिन स्वयंपाक करतो, जमिनीवर झोपतो आणि खूशही असतो.

इथेच गोची आहे. बीडीएसएममध्ये एकाने हुकूम द्यायचा, दुसऱ्याने पाळायचा, पण काय चालेल आणि काय नाही हे दोघांनी आधी बोलून ठरवायचं असतं. थांबायचं असेल तर त्यासाठी ‘सेफवर्ड’ असतो. रे मात्र बोलतच नाही. नियम त्याचेच, आणि नवख्या कॉलिनला विचारायचं काय हेही माहीत नाही.

कॉलिनची आजारी आई जेवणाच्या टेबलावर रेला सुनावते, तेव्हा प्रेक्षक विभागले जातात. ती जुन्या विचारांची, की तिचंच बरोबर? मला वाटतं, तिचं निम्मं बरोबर आहे. आज्ञा पाळणं हा कॉलिनचा अपमान नाही, त्यात त्याला स्वतःची ओळख सापडते. खुपतं ते रेचं स्वतःबद्दल काहीच न सांगणं.

पुढे कॉलिन आठवड्यातून एक दिवस सुट्टी मागतो. नात्यातली पहिली वाटाघाट तिथे सुरू होते.