बॅरी सँडर्सचा क्रमांक तिसरा

अमेरिकी फुटबॉलमधला सर्वश्रेष्ठ रनिंग बॅक कोण, हा वाद दर दोन-चार वर्षांनी नव्याने पेटतो. २०२४ च्या हंगामात फिलाडेल्फिया ईगल्सच्या सेक्वॉन बार्कलीने २,००५ यार्डांची मजल मारली, संघाने सुपर बोल हा अंतिम सामनाही जिंकला, आणि बार्कली ज्याला आदर्श मानतो त्या बॅरी सँडर्सचे नाव पुन्हा चर्चेत आले. बॅरीला सरळ पहिला क्रमांक देऊन टाकणारे पुष्कळ आहेत. यार्डांची बेरीज दाखवून एमिट स्मिथला त्याच्या वर बसवणारेही कमी नाहीत. मला दोन्ही निवाडे चुकीचे वाटतात. बॅरी एमिटपेक्षा निःसंशय वरचा आहे, पण पहिला नाही आणि दुसराही नाही. तो तिसरा.

हा खेळ आपल्याकडच्या फुटबॉलहून अगदी निराळा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांच्या हाती. चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन. क्वार्टरबॅक एक तर चेंडू लांब फेकतो, नाही तर शेजारून झेपावणाऱ्या रनिंग बॅकच्या पोटाशी देतो. पुढे त्या गड्याने अकरा जणांच्या गर्दीत घुसायचे. त्याच्यासमोर स्वतःच्या संघाचे पाच धिप्पाड लाइनमन प्रतिस्पर्ध्यांना रेटून वाट काढत असतात. ही फळी भक्कम असली तर बेताचा धावपटूही चार यार्ड काढतो. ती कोसळली तर भल्याभल्यांची धडगत नसते. म्हणून नुसत्या यार्डांवरून कोणाचे मोठेपण ठरत नाही. त्याला वाट कोणी काढून दिली, हे आधी बघावे लागते.

एमिटच्या बाबतीत नेमके हेच विसरले जाते. १८,३५५ यार्ड आणि धावून केलेले १६४ टचडाउन हे त्याचे दोन्ही विक्रम अजून कोणी मोडलेले नाहीत. डलास काउबॉइजकडून त्याने तीन सुपर बोल जिंकले. पण त्याच्यापुढे एरिक विल्यम्स, नेट न्यूटन आणि नंतर लॅरी ॲलन होते. फेकायला ट्रॉय एकमन होता, झेलायला मायकल आयर्विन होता. सगळी बचावफळी एमिटवर सोडणे कोणाला परवडणारे नव्हते. त्याची जिद्द मात्र वादातीत आहे. २ जानेवारी १९९४ रोजी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध त्याचा खांदा निखळला, तरी तो जादा वेळेपर्यंत खेळला, धावून आणि झेलून मिळून २२९ यार्ड काढले आणि सामना जिंकून दिला. त्याच हंगामात कराराच्या वादामुळे तो पहिले दोन सामने खेळला नव्हता. काउबॉइज ते दोन्ही हरले होते. हे सगळे मान्य करूनही सरासरी बघावी लागते. एमिटने ४,४०९ वेळा चेंडू घेऊन सरासरी ४.२ यार्ड काढले. बॅरीने ३,०६२ वेळा घेऊन ५ यार्ड. दर खेपेला पाऊण यार्डाहून जास्त फरक, तोही डेट्रॉइट लायन्ससारख्या संघातून खेळताना.

डेट्रॉइट लायन्स म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय बॅरी कळायचा नाही. १९५७ च्या विजेतेपदानंतर २०२४ च्या जानेवारीपर्यंत या संघाने बाद फेरीचा एकच सामना जिंकला. तो जानेवारी १९९२ मधला, आणि त्या संघात बॅरी होता. १९८९ ते १९९८ अशी दहा वर्षे तो तिथे खेळला. सुरुवातीच्या वर्षांत संघाची खेळाची पद्धत अशी होती, की चार झेलकरी मैदानभर पसरवायचे आणि बॅरीला एकट्याला मागे ठेवायचे. पुढे वाट मोकळी करणारा फुलबॅकही बहुधा नसायचा. चेंडू हातात येताच दोन-तीन जण अंगावर. उंची पाच फूट आठ इंच, वजन दोनशे पौंडांच्या थोडे वर. कबड्डीत कोंडी झालेला चढाईपटू अंग चोरून, हुलकावणी देऊन मध्यरेषा गाठतो, तो क्षण ज्याने पाहिला आहे त्याला बॅरीचा खेळ लगेच ओळखीचा वाटेल.

१९९४ साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्धची त्याची एक धाव आजही दाखवतात. समोर हार्लन बार्नेट हा बचावपटू, मोकळ्या जागेत, एकास एक. बॅरी एकीकडे झुकतो, बार्नेट तिकडे वळतो. बॅरी उलट झुकतो, बार्नेट पुन्हा वळायला जातो आणि स्वतःभोवतीच गरगर फिरतो. तोवर बॅरी निघून गेलेला असतो. त्याला हातही लागलेला नसतो. हे कमरेखाली चालणारे काम. खांदे एक सांगत, पाय दुसरेच करत, आणि पूर्ण वेगात असताना तो जागच्या जागी थांबू शकत असे. इतक्या वेगाने थांबता येणारा धावपटू या खेळात मी दुसरा पाहिलेला नाही.

१९९७ चा हंगाम तर त्याचाच. पहिल्या दोन सामन्यांत मिळून फक्त ५३ यार्ड. नंतरच्या चौदाही सामन्यांत प्रत्येकी शंभरहून अधिक. टॅम्पा बेविरुद्ध एकाच सामन्यात ८० आणि ८२ यार्डांचे दोन टचडाउन. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, म्हणजे डेट्रॉइटच्या मराठी मंडळींनाही ओळखीच्या असलेल्या त्या दरवर्षीच्या सामन्यात, शिकागो बेअर्सविरुद्ध १६७ यार्ड आणि तीन टचडाउन. शेवटच्या सामन्यात न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध १८४. एकूण २,०५३. आणि दर टचडाउननंतर नाच नाही, छाती बडवणे नाही. चेंडू पंचाच्या हातात देऊन तो बाकाकडे चालू लागायचा. १९८९ मध्ये, पदार्पणाच्या हंगामात, शेवटच्या सामन्यात संघ जिंकत होता आणि सर्वाधिक यार्डांच्या मानापासून तो फक्त दहा यार्ड दूर होता. प्रशिक्षकांनी आत जाण्याबद्दल विचारले. तो गेला नाही. मान कॅन्सस सिटीच्या ख्रिश्चन ओकोयेला मिळाला, १,४८० विरुद्ध १,४७०.

एवढे असून तिसरा का? कारण रनिंग बॅकचे काम धावण्यापुरते नसते. तिसऱ्या प्रयत्नाला दोन यार्ड हवे असतात तेव्हा डोके खाली घालून ते दोन यार्ड काढावे लागतात. बॅरी तिथेही मोठ्या मुसंडीसाठी वाट शोधत मागे-पुढे फिरायचा आणि पुष्कळदा मागेच पकडला जायचा. ३१ डिसेंबर १९९४ रोजी ग्रीन बेमधल्या बाद फेरीच्या सामन्यात त्याने तेरा वेळा चेंडू घेतला आणि एकूण हिशेब आला उणे एक यार्ड. लायन्स चार गुणांनी हरले. दोष फळीचा होता, प्रशिक्षकांचा होता, तितकाच ग्रीन बेच्या शिस्तबद्ध बचावाचा होता, हे खरे. पण काही हंगामांत टचडाउन दोन-तीन यार्डांवर आले की बॅरीला बाहेर काढून दुसऱ्या जाडजूड गड्याला आत पाठवत, हेही खरे आहे. सर्वश्रेष्ठ रनिंग बॅकला नेमक्या त्या क्षणी बाहेर बसवायची गरज पडू नये. क्वार्टरबॅकवर चालून येणाऱ्याला अंगावर घेऊन अडवण्यातही तो कधी अग्रेसर नव्हता. गाजलेल्या धावांच्या चित्रफितीत यातले काहीच दिसत नाही. तिथे फक्त यशस्वी हुलकावण्या असतात.

वॉल्टर पेटनकडे हे सगळे होते. १९७५ ते १९८७ अशी तेरा वर्षे तो शिकागो बेअर्सकडून खेळला आणि तेवढ्या काळात त्याचा फक्त एक सामना हुकला. या जागेवरच्या खेळाडूला दर सामन्यात वीस-पंचवीस वेळा आपटले जाते, हे लक्षात घेतले की त्या एका आकड्याचे वजन कळते. त्याचा १६,७२६ यार्डांचा विक्रम एमिटने मोडेपर्यंत अठरा वर्षे तो सर्वाधिक यार्डांचा मानकरी होता. २० नोव्हेंबर १९७७ रोजी अंगात फ्लू असताना त्याने मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध ४० वेळा चेंडू घेतला आणि २७५ यार्ड काढले, त्या वेळचा विक्रम. बेअर्स जिंकले १०-७. म्हणजे यातला एकेक यार्ड लागणारच होता. तो ४९२ वेळा झेल घेऊन पुढे गेला, स्वतः फेकून आठ टचडाउन करवले, आणि १९८४ मध्ये क्वार्टरबॅक जायबंदी झाले तेव्हा एका सामन्यात त्या जागीही उभा राहिला. मला त्याच्या खेळातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती त्याची अडवणूक. समोरच्या बचावातला, आपल्याहून जड लाइनबॅकर भरधाव येत असताना पेटन पुढे सरसावून त्याला खांदा द्यायचा, जेणेकरून दुसऱ्याच कोणाला चेंडू फेकता यावा. यात ना यार्ड मिळतात ना टाळ्या. शिवाय पकड बसणार हे दिसले की तो रेषेबाहेर पळत नसे. पकडणाऱ्यालाच हाताने दणका द्यायचा. सुरुवातीची कित्येक वर्षे त्याचा संघही बॅरीच्या संघाइतकाच दुबळा होता. तेव्हा दुबळ्या संघाची सबब बॅरीसाठी मांडायची तर ती पेटनसाठीही मांडली पाहिजे. जानेवारी १९८६ मध्ये बेअर्सनी सुपर बोल ४६-१० असा जिंकला आणि त्या सामन्यात पेटनला एकही टचडाउन करू दिला गेला नाही. ही गोष्ट मला आजही खटकते.

पहिला जिम ब्राऊन. १९५७ ते १९६५, क्लीव्हलँड ब्राउन्स, नऊ हंगाम, ११८ सामने, एकही चुकवलेला नाही. नऊपैकी आठ हंगामांत तो लीगमध्ये सर्वाधिक यार्डांचा मानकरी. कारकिर्दीत दर सामन्याला १०४.३ यार्ड; शंभराच्या वर सरासरी राखून निवृत्त झालेला तो एकटाच. त्या काळचे बचावपटू अंगाने लहान होते, असा आक्षेप घेतात. ते खरे आहे, पण ते सगळ्याच धावपटूंना सारखेच लहान होते. १९५८ मध्ये ब्राऊनने बारा सामन्यांत १,५२७ यार्ड काढले. दुसऱ्या क्रमांकावरच्या ॲलन अमीचीचे होते ७९१. आपल्या समकालीनांच्या जवळजवळ दुप्पट जाणारा खेळाडू बॅरीच्या काळात झाला नाही, पेटनच्याही नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: ब्राऊनलाही दुसऱ्यासाठी अडवणूक करण्यात फारसा रस नव्हता. मग बॅरीला एक न्याय आणि त्याला दुसरा का? कारण दोन यार्ड हवे असताना ब्राऊन ते काढायचा. त्याला बाहेर बसवण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नसे. दर पकडीनंतर तो मुद्दाम सावकाश उठायचा, प्रत्येक वेळी तसाच, म्हणजे खरोखर लागले आहे की नाही हे समोरच्याला कधी कळू नये. मैदानाबाहेरचा ब्राऊन वेगळा आहे. स्त्रियांना मारहाण केल्याचे आरोप त्याच्यावर वारंवार झाले आणि पत्नीच्या गाडीच्या मोडतोडीच्या प्रकरणात तो तुरुंगातही गेला. ते लपवू नये. खेळाचा क्रम मात्र खेळावरच लागतो. बॅरीचे वडील विल्यम सँडर्स विचिटात छपरे घालण्याचे काम करत; मुलगा एवढा मोठा झाला तरी तेही जिम ब्राऊनलाच सर्वांत मोठा म्हणत राहिले.

बॅरीच्या विरोधात आणखी एक मुद्दा नेहमी काढला जातो, आणि तो मला अजिबात मान्य नाही. जुलै १९९९ मध्ये, सराव शिबिराच्या तोंडावर, त्याने आपल्या विचिटा गावच्या वृत्तपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती जाहीर केली. पेटनच्या विक्रमाला १,४५७ यार्ड उरले होते. आदल्याच हंगामात त्याने १,४९१ काढले होते. आणखी एक वर्ष, आणि विक्रम त्याचा. तो खेळत राहिला नाही म्हणून त्याला कमी लेखणारे लोक, ब्राऊनही तिसाव्या वर्षी, चित्रपटाच्या चित्रीकरणावरून निवृत्ती जाहीर करून गेला होता, हे सोयीस्कर विसरतात. गुडघे शाबूत असताना, सतत हरणाऱ्या संघाला कंटाळून माणसाने खेळ सोडला, तर तो त्याचा हक्क आहे. न धावलेल्या यार्डांबद्दल कोणाचा क्रमांक खाली आणायचा नसतो. धावलेल्या यार्डांचाच हिशेब करायचा, आणि त्या हिशेबात ब्राऊन पहिला, पेटन दुसरा, बॅरी तिसरा आणि एमिट चौथा. हा क्रम ज्यांना पटत नाही त्यांनी पेटनचा एखादा सामना पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बघावा, आणि चेंडू त्याच्या हातात नसताना तो काय करतो तेवढेच बघावे.